तिसऱ्या रात्रीचा हिशेब

इस्पितळाच्या केसपेपरवर एक छोटी ओळ असते. नाव, वय, पूर्वीचे आजार, चालू औषधे यांच्या खाली ती येते : काही व्यसन आहे का? तंबाखू, दारू, इतर. पुढे 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. आमच्या मामूंच्या केसपेपरवर आम्ही 'नाही'वर खूण केली आणि पुढची ओळ भरायला घेतली. हात अडखळला नाही. खोटे लिहितो आहोत असेही वाटले नाही. घरातली गोष्ट परक्या कागदावर जाऊ द्यायची नाही एवढेच मनात होते, आणि ते आम्हाला कर्तव्यच वाटत होते.

त्या एका खुणेचा हिशेब इथे मांडायचा आहे. दुसऱ्याचा दोष झाकावा ही शिकवण घेऊनच आपण वाढलो. ती चुकीची नाही. पण झाकणे कुठे संपते आणि गळा दाबणे कुठे सुरू होते, हा प्रश्न त्या वेळी आम्हाला पडला नव्हता. तो पडायला तीन रात्री जाव्या लागल्या.

मामू कोकणातले. उमेदीची सगळी वर्षे बोटीच्या इंजिनरूममध्ये गेली. नोकरी संपवून गावी आले तेव्हा दारूही बरोबर आली. ते कधी रस्त्यात पडले नाहीत, कोणाच्या दारात जाऊन तमाशा केला नाही. रोज संध्याकाळी मागच्या पडवीत बसत आणि झोपायच्या वेळी आत येत. घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणीच त्याचे नाव काढत नव्हते. दर रमजानला मात्र एक गोष्ट घडे. पहिल्या तीन-चार दिवसांत मामूंचे हात कापत, अंगाला घाम सुटे, रात्री झोप नसे. 'त्यांना रोजे बाधतात,' असे आम्ही एकमेकांना सांगत असू. रोजे बाधत नव्हते. रोज मिळणारी दारू शरीराला अचानक मिळत नव्हती. डोळ्यांसमोरची खूण इतकी वर्षे आम्ही चुकीची वाचत आलो.

एका बुधवारी संध्याकाळी मामू विहिरीजवळच्या पायऱ्यांवरून घसरले आणि मांडीचे हाड मोडले. शहरातल्या इस्पितळात नेले, गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी खाटेजवळ येऊन विचारले होते, 'चाचा, काही घेता का?' खाटेभोवती आम्ही सात-आठ जण उभे होतो. मामूंनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि 'नाही' म्हणाले. आमच्यासमोर ते दुसरे काय म्हणणार होते?

गुरुवारी रात्री हात कापू लागले. थंडी वाजत असेल म्हणून आम्ही दुसरी चादर मागितली. शुक्रवारी दुपारी घाम, धडधड, अस्वस्थपणा. मध्यरात्रीच्या सुमाराला मामू खाटेवर उठून बसले आणि चादरीवरच्या मुंग्या वेचू लागले. चादरीवर एकही मुंगी नव्हती. मग त्यांना वॉर्ड म्हणजे इंजिनरूम वाटू लागली. कोणाला तरी 'व्हॉल्व बंद कर' म्हणून ओरडले, सलाइनची सुई उपटली, नुकतेच जोडलेले हाड घेऊन खाटेवरून उतरू लागले. वॉर्डबॉय आणि आम्ही मिळून त्यांना धरले. बँडेजच्या पट्ट्यांनी दोन्ही हात खाटेला बांधले गेले. शेजारच्या खाटेवरचा एक जण म्हणाला, 'भूल चढली डोक्यात.' आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, 'कोणाला तरी बोलवून दम करून घ्यायला हवे.'

रात्रपाळीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी केसपेपर पाहिला. वय सत्तरीच्या जवळ, हाडाची शस्त्रक्रिया, व्यसन नाही. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर भ्रम होणे नवीन नाही. जंतुसंसर्ग, रक्तातला ऑक्सिजन किंवा सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे, दुखणे, एखादे औषध, अशी त्याची पुष्कळ कारणे असतात. डॉक्टरांनी ती एकेक तपासायला घेतली. दरम्यान मामूंना शांत करायला त्यांनी हॅलोपेरिडॉलचा थोडा डोस दिला आणि झोपेच्या गोळ्यांच्या जातीची औषधे टाळली. कागदावर जे लिहिले होते त्याप्रमाणे हे अगदी बरोबर होते, कारण म्हाताऱ्या माणसाच्या साध्या भ्रमात डायझेपामसारखी औषधे भ्रम वाढवतात, म्हणून ती टाळायची असतात.

दारू तुटल्याने होणाऱ्या भ्रमात याच्या नेमके उलट आहे. तिथे डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही त्याच जातीची औषधे हाच मुख्य उपचार असतो. नुसत्या हॅलोपेरिडॉलवर भागवले तर फेफरे येण्याचा धोका वाढू शकतो. बाहेरून दोन्ही भ्रम सारखे दिसतात, पण उपचार दोन उलट दिशांना जातात. कुठल्या दिशेने जायचे हे त्या रात्री कागदावरची एक चौकट ठरवत होती, आणि ती चौकट आम्ही भरली होती.

रात्री दोनच्या सुमाराला मुमानी उठल्या. आमच्यापैकी कोणालाही न विचारता त्या डॉक्टरांच्या टेबलाशी गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, 'ते रोज घेतात. पुष्कळ वर्षे झाली. मंगळवारी रात्री शेवटची घेतली.' डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, 'किती?' मुमानींनी बाटलीच्या मापात सांगितले. पुढच्या दहा मिनिटांत औषध बदलले. शिरेतून थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व सुरू झाले. नाडी आणि श्वास यांच्यावर सतत लक्ष राहावे म्हणून मामूंना आयसीयूत हलवले. सोमवारी सकाळी त्यांनी मुमानींना ओळखले आणि चहा मागितला.

वाचकांना हे थोडे समजावून सांगायला हवे, कारण आपल्याकडे अजून असाच समज आहे की भ्रम दारूने होतो. दारू चालू असताना तो सहसा होत नाही. ती अचानक थांबल्यावर होतो. दाराला कोणी बाहेरून रोज रेटत असेल तर आतला माणूसही तेवढ्याच जोराने रेटायला शिकतो. बाहेरचा एकाएकी बाजूला झाला की आतला तोंडावर आपटतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षे जास्त जोर लावून जागा राहायला शिकतो. दारू थांबते, पण तो जोर लगेच थांबत नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम येतो. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला माणूस नेमका याच दिवसांत इस्पितळात असतो. उपचार नसतील तर पूर्वीच्या काळी या भ्रमात शंभरातले तीसपर्यंत रुग्ण दगावत. योग्य उपचार मिळाले तर आज ही संख्या शंभरात पाचापेक्षाही कमी असते.

या आजाराला त्याचे नाव इंग्लंडमधल्या थॉमस सटन या डॉक्टरांनी १८१३ साली दिले. त्या काळी मेंदूला सूज आली असे समजून अशा रुग्णांचे रक्त काढत. सटन यांना दिसले की रक्त काढलेले रुग्ण दगावतात आणि अफू देऊन झोपवलेले वाचतात. तरीही दारू तुटल्यानेच हे होते, हे पक्के व्हायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९५५ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा माणसांना रोज भरपूर दारू आणि त्याबरोबर चांगला आहार दिला. त्यांतले सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. मग दारू एकदम बंद केली. काहींना फेफरे आले, काहींना भ्रम झाला. खाण्यापिण्यात कमतरता नव्हती, तेव्हा कारण दारू तुटणे हेच होते.

ती दहा माणसे कोण होती? पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेले कैदी. समाजाने ज्यांना गुन्हेगार म्हणून कोंडले होते, त्यांच्या देहावर हे ज्ञान मिळवले गेले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि करूही नये. पण आमचे मामू शुद्धीवर आले ते या ज्ञानाच्या बळावर. 'नशेबाज माणसासाठी एवढे कशाला?' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा आम्हाला ते दहा कैदी आठवतात. त्यांचे देणे आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आम्ही झाकले ते कोणासाठी?

त्या रात्रीपर्यंत आमचे उत्तर तयार होते : मामूंच्या इज्जतीसाठी. नंतर नीट पाहिले तेव्हा त्यात दुसरेही बरेच सापडले. भाचीचे लग्न ठरायचे होते. गावात आमच्या घराला मान होता. शिवाय एक साधी, पैशाची गोष्ट होती. अनेक आरोग्य विम्यांच्या अटींत व्यसन आणि त्याच्या परिणामांवरचे उपचार वगळलेले असतात. 'दारू' हा शब्द कागदावर आला तर हाडाचा खर्चही नाकारतील की काय, ही भीती आमच्यातल्या एकाने बोलूनही दाखवली होती. म्हणजे पडदा मामूंवर टाकला होता, पण त्याच्याआड आम्हीच उभे होतो. झाकणे हे पुण्य असेल तर ते ज्याचा दोष आहे त्याच्या हिताचे असायला हवे. ज्या झाकण्याने त्याचा जीव धोक्यात येतो आणि आपली अब्रू वाचते, त्याला दुसरे नाव द्यावे लागेल.

लोकांच्या तोंडी एखाद्याचा दोष देणे आणि वैद्याच्या कानी तो घालणे, यांतला फरकही आपण विसरलो आहोत. पहिली गीबत आहे. दुसरे म्हणजे दुखण्याची जागा दाखवणे आहे. गुप्त जागी गळू झाले तर आपण लाजतो, पण डॉक्टरसमोर कपडा बाजूला करतोच. इथे मात्र गळू दिसत नाही म्हणून ते नाहीच, असे आपण मानून बसतो.

हे झाले सांगणाऱ्याबद्दल. पण सगळा दोष रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. माणूस खरे का सांगत नाही, याचे अर्धे कारण ऐकणाऱ्याकडे असते. नात्यागोत्याच्या गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळणार. तोच प्रश्न नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारता येतो. 'पिता का?' याऐवजी 'शेवटची कधी घेतली? अचानक थांबलात तर त्रास होतो, तो टाळता यावा म्हणून विचारतो' असे म्हणता येते. दारू तुटल्याची लक्षणे मोजायची एक दहा मुद्द्यांची यादी १९८९पासून इस्पितळांत वापरात आहे. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी रुग्णाने स्वतः सांगायच्या असतात : मळमळते का, अंगावर काही चालल्यासारखे वाटते का, कसले आवाज येतात का. भ्रमात गेलेला माणूस यातले काहीच धड सांगू शकत नाही. म्हणून विचारायची वेळ शस्त्रक्रियेच्या आधीचीच, आणि विचारण्याची रीत अशी हवी की खरे सांगणाऱ्याला ते महागात पडू नये.

महागात कसे पडते, हे आम्ही दुसऱ्या एका घरी पाहिले. मुंबईतला एक तरुण. पूर्वी गर्दच्या नादी लागला होता. १९८०च्या दशकात या ब्राउन शुगरने मुंबई-पुण्यातली किती घरे उद्ध्वस्त केली हे आपल्या पिढीला सांगायला नको. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, आणि १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, ते त्याच काळात. हा मुलगा त्यातून बाहेर आला होता आणि ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांवर स्थिर होता. पोटाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा त्याने सगळे प्रामाणिकपणे सांगितले. त्याचे फळ काय मिळाले? गोळ्या बंद झाल्या. शस्त्रक्रियेनंतर तो दुखते म्हणून कळवळला तर 'याला नशा हवी आहे' असे उत्तर. रात्रभर अंग मोडत, ओकत, घामाने निथळत तो पडून होता. गर्दुल्ल्यांच्या भाषेत याला 'टर्की' म्हणतात.

पूर्वी अशा गोळ्या शस्त्रक्रियेआधी थांबवा असा सल्ला दिला जाई, हे खरे. आता बहुतेक जाणकार उलट सांगतात : त्या चालू ठेवा आणि दुखण्यावरचे औषध त्याच्या जोडीला वेगळे द्या. ज्याच्या शरीराला अफूच्या जातीच्या औषधांची सवय आहे, त्याला नेहमीचा डोस कमी पडतो. दुखणे तसेच राहिले, झोप उडाली, की भ्रमाचा रस्ता मोकळा होतो. त्यातून तो माणूस झोपेच्या गोळ्याही घेत असेल आणि त्याही एकदम बंद झाल्या, तर भ्रम आणि फेफरे दोन्ही येऊ शकतात. त्या मुलाने नंतर आम्हाला सांगितले, 'पुढच्या वेळी मी सांगणार नाही.' आम्ही त्याला काय उत्तर देणार?

व्यसन कागदावर आले की आणखी एक धोका असतो. मग सगळ्याचे उत्तर तेच होऊन बसते. पडलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव झालेला असू शकतो, न्यूमोनिया झालेला असू शकतो, साखर उतरलेली असू शकते. 'दारुड्या आहे, बरळणारच' असे म्हणून या तपासण्या राहून गेल्या तर खरे सांगणेच त्याच्या जिवावर उठले म्हणायचे. मामूंच्या बाबतीत त्या तरुण डॉक्टरांनी औषध बदलले, पण तपासण्या थांबवल्या नाहीत. कळलेल्या गोष्टीचा उपयोग त्यांनी उपचारासाठी केला, माणसाची किंमत ठरवण्यासाठी केला नाही. ऐकणाऱ्याचे कर्तव्य याहून वेगळे काय असते?

आमच्याच घरात दोन हरकती निघाल्या, त्यांनाही उत्तर द्यायला हवे. पहिली : नशा सोडवायला नशेचेच औषध द्यायचे, हे कसले धर्मात बसते? जीव वाचवण्याची गरज निर्माण झाली तर एरवीची मनाई शिथिल होते, आणि ती गरजेपुरतीच होते, हा आपल्या फिकहमधला जुना, सर्वमान्य नियम आहे. वॉर्डात मोजून दिलेले आणि चार-सहा दिवसांत उतरवत नेलेले औषध या नियमात न बसण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. दुसरी हरकत अधिक टोचणारी होती : हे त्यांनी स्वतःच ओढवून घेतले, आता भोगू द्या. पण भोगणे आणि शिकणे या एकच गोष्टी नव्हेत. भ्रमातला माणूस काहीच शिकत नाही, त्याला ती रात्र धड आठवतही नाही. तौबा करायला जागे मन लागते. मन हरवलेल्या माणसाला शिक्षा देऊन आपण फक्त आपला राग शांत करतो. झोपलेला, वयात न आलेला आणि बुद्धी हरपलेला या तिघांकडून आपला कायदाही जाब मागत नाही. मग बाकीचे आपण कोण?

हात बांधण्याचेही तसेच आहे. त्या रात्री मामूंचे हात बांधले नसते तर कदाचित हाड पुन्हा मोडले असते, हे आम्हाला मान्य आहे. पण औषध लागू पडल्यावरही पट्ट्या सकाळपर्यंत तशाच राहिल्या, कारण ते आम्हाला सोयीचे होते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसोपचाराच्या संस्थांपुरता हा नियम घालून दिला आहे की रुग्णाला बांधायचे ते तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच, गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही, आणि शिक्षा म्हणून कधीच नाही. हाडांच्या वॉर्डातही माणूस तोच असतो. अमेरिकेत येल इथल्या डॉ. शॅरन इनौये यांनी १९९९ साली सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चष्मा आणि कानाचे यंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, लवकर चालवणे, रात्री झोपू देणे, आज कोणता वार आहे हे सांगत राहणे, एवढ्याच गोष्टी नेमाने केल्या तर भ्रम होणाऱ्यांचे प्रमाण शंभरी पंधरावरून दहाच्या आसपास आले. ते रुग्ण व्यसनाचे नव्हते, आणि दारू तुटली असेल तर नुसत्या आपुलकीने भागत नाही, औषध लागतेच. पण औषधाच्या जोडीला ओळखीचा आवाज लागतो. ते काम डॉक्टरांचे नाही, ते आपले आहे. वॉर्डात आठ जणांनी एकदम गर्दी करण्यापेक्षा एकाने शांतपणे हात धरून बसणे बरे.

राहिला तिसऱ्या रात्रीचा सर्वांत अवघड हिशेब. मामू त्या रात्री बरेच बोलले. त्यात जमिनीचे बोलले. धाकट्या भावाच्या वाट्याच्या एका तुकड्याबद्दल काहीतरी ओरडून म्हणाले, आणि ते खाटेजवळच्या तिघा-चौघांनी ऐकले. दुसऱ्याच दिवशी कुजबुज सुरू झाली : 'शुद्ध हरपली की माणूस खरे बोलतो.' हा समज फार पसरलेला आहे आणि तो खोटा आहे. भ्रमात मेंदू आठवणी, स्वप्ने, भीती आणि कानावर पडणारे शब्द यांची खिचडी करतो. मुंग्या खऱ्या नव्हत्या, इंजिनरूम खरी नव्हती, मग जमिनीचेच तेवढे खरे कसे? आणि त्यात तथ्य असलेच, तर ते शुद्धीवर आलेल्या माणसाला समोर बसवून विचारायचे असते. भ्रमात कानावर आलेले शब्द ही अमानत आहे. ऐकणाऱ्याने ती जिथे ऐकली तिथेच ठेवायची. पडदा टाकायची खरी जागा ही होती. आम्ही मात्र केसपेपरवर पडदा टाकला आणि ही गोष्ट उघडी सोडली. दोन्हीकडे नेमके उलट केले.

मुमानींना नंतर ऐकून घ्यावे लागले. घरातल्या काही जणांच्या मते त्यांनी नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. पण त्यांनी जे सांगितले ते एकट्या डॉक्टरांना सांगितले, जेवढे लागत होते तेवढेच सांगितले, आणि ज्याला स्वतः सांगता येत नव्हते त्याच्या वतीने सांगितले. झाकावे कसे आणि उघडावे कसे, हे आमच्यापेक्षा त्यांना अधिक कळत होते. आमची चूक त्यांच्याहून पुष्कळ मोठी होती, पण आम्हाला कोणी बोलले नाही. 'नाही'वर खूण करणाऱ्याला जाब विचारायची आपल्यात रीत नाही.

२०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत म्हटले आहे की दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळतो. उरलेले ३७ जण कुठे असतात? आमच्या मामूंसारखे मागच्या पडवीत. त्यातला कोणी उद्या पडेल, कोणाचे आतडे अडेल, कोणाला अपेंडिक्सने धरले जाईल, आणि तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईल. त्याच्या घरचे कोणीतरी केसपेपर भरत असेल. हा लेख त्या कोणासाठी तरी आहे. आणि ज्यांच्या घरी दर रमजानला कोणाला असा 'ताप' येतो, त्यांच्यासाठीही आहे. चाँदरातीला एकदम तोडण्याआधी महिनाभर आधीच डॉक्टरांना गाठा. सोडण्याचा इरादा नेक असतो, पण शरीराला त्याची आधी खबर द्यावी लागते.

मामू घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एकदा त्यांनी आम्हाला जवळ बोलावले आणि विचारले, 'मी त्या रात्री काय काय बोललो?' आम्ही म्हणालो, 'बोटीचे बोलत होता. व्हॉल्व बंद करायला सांगत होता.' ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'डॉक्टरांना कोणी सांगितले?' आम्ही खरे सांगितले. मुमानी आत चुलीपाशी होत्या. मामू काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पडवीत गेले नाहीत. पुढे दारू सुटली, एकदा परत आली, उपचार घेतल्यावर पुन्हा सुटली. आज सुटलेली आहे. उद्याचे आम्ही सांगत नाही.

गेल्या वर्षी घरातल्याच एकाची शस्त्रक्रिया होती. भूलतज्ज्ञ प्रश्न विचारायला आले. चौथ्या प्रश्नाला आम्ही उठलो, इतरांनाही खुणेने उठवले, आणि सगळे खोलीबाहेर जाऊन उभे राहिलो. आत काय विचारले गेले, काय उत्तर मिळाले, ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही विचारलेही नाही.